आसरांच्या डोहातील अकरा अहीर

ज्या मनुष्याने मला कातळावर दाबून धरले होते, त्याच्या मृत देहावर एकही जखम आढळली नाही, ही गोष्ट पंचनाम्यात नमूद आहे. ती कशी घडली, हे मात्र पंचनाम्यात नाही. कारण पंचांपुढे मी दिलेली जबानी अपुरी होती. ती आज पुरी करतो.

मी मार्गासनीच्या शिवारात राहणारा. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले. तदनंतर भाटघरच्या धरणावर मी सहा वर्षे सुरुंगाच्या टोळीत होतो. कातळास भोक पाडणे, त्यात दारूची कांडी बसविणे, बार उडविणाऱ्या टोपीला वात जोडणे, ती पेटवून आडोशास पळणे आणि तेथे बसून आकडे मोजणे, हा माझा धंदा होता. वातीच्या लांबीवरून कितव्या आकड्यास आवाज होणार हे ठरलेले असे. तो आकडा उलटूनही आवाज झाला नाही, तर सुरुंग रुसला असे आम्ही म्हणत असू. रुसलेल्या सुरुंगाकडे अर्धा तास कोणी पाऊल टाकावयाचे नाही, असा तेथला कडक नियम होता. कारण ओलसर वात विझल्यासारखी दिसते, परंतु आतल्या आत धुमसत राहते. हा नियम मोडून पुढे गेलेले दोन इसम माझ्या डोळ्यांदेखत गेले. त्यांपैकी एकाचे नुसते पागोटे आम्ही त्याच्या बायकोच्या हाती दिले.

धरणाचे काम संपून मी घरी आलो, तेव्हा ही विद्या माझ्यापासून माझा थोरला चुलतभाऊ सोनबा याने उचलली. तो घाटरस्त्याच्या खाणीवर कामास जाई आणि चार-दोन कांड्या धोतराच्या ओच्यात दडवून आणी. त्या दगडास बांधून तो गुंजवणीच्या डोहांत टाकी, आणि मेलेले मासे पाटीने भरून नेई. वात किती बोटे कापावी हे त्यास मीच शिकविले होते. दहा वर्षांत त्याने आमच्या बाजूचे सर्व डोह रिकामे केले. एक डोह तेवढा उरला होता, तो आसरांचा. पाण्यात राहणाऱ्या या सात देवता आमच्याकडे फार कडक समजल्या जातात. त्यांच्या डोहात गळ टाकणे तर दूरच, परंतु तेथे कोणी चूळही भरीत नसे. सोनबा तेथून जाताना पायांतील वहाणा काढून हातात घेई.

शके अठराशे साठच्या चैत्रात भोरचे कारकून दीनानाथपंत यांचे चिरंजीव रघुवीरराव माझ्या दारी आले. वय विसाच्या आतबाहेर, अंगाने किरकोळ, डोळ्यांस चष्मा. पुण्याच्या कॉलेजात ते शास्त्र शिकत होते आणि सुटीत त्यांस एका प्राण्याविषयी निबंध लिहावयाचा होता. त्यांनी बरोबर काचेच्या बरण्या, स्पिरिट आणि एक जाड वही आणली होती.

"ज्ञानबा, तुमच्या डोहात अहीर आहेत ना?" त्यांनी विचारले.

अहीर म्हणजे सापासारखा लांब, हाताएवढा जाड मासा. मी म्हणालो, "हायेत की. पर त्येंच्याकडं कोन बघत न्हाई."

"तो मासा इथला नाही. त्याचा जन्म समुद्रात झालेला असतो."

मला ही थट्टाच वाटली. आमच्या गावापासून पूर्वेचा समुद्र कित्येक शे कोस. परंतु त्यांनी वहीत नद्या काढून दाखविल्या. गुंजवणी नीरेस मिळते, नीरा भीमेस, भीमा कृष्णेस आणि कृष्णा समुद्रास. सुईएवढी, काचेसारखी आरपार दिसणारी अहिराची पिले ही सारी वाट उलटी चढून येतात, बंधाऱ्याच्या ओल्या भिंतींस चिकटून वर सरकतात, दहा-पंधरा वर्षे आमच्या डोहांत वाढतात, आणि एका पुरात सर्व सोडून अंडी घालण्यास व मरण्यास पुन्हा समुद्राकडे निघतात. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. ज्या पाण्याकाठी मी जन्म काढला, त्यात समुद्राचे पाहुणे राहत होते, आणि मला ते एका विद्यार्थ्याने सांगावे.

मी त्यांचे काम पत्करले. बाकीचे डोह सोनबाने रिकामे केले होते, म्हणून बांबूच्या काड्यांचे सापळे विणून आम्ही ते कोणास न सांगता आसरांच्याच डोहात सोडले. सापडलेल्या अहिराच्या पाठीवरील पंखासारख्या पडद्यातून पितळी तारेचे एक कडे ओवून, त्याची लांबी वहीत लिहून, त्यास परत पाण्यात सोडावयाचे, असा क्रम होता. अकरा अहिरांस अशा खुणा झाल्या.

"आता महिन्याने पुन्हा सापळे लावायचे," रघुवीरराव म्हणाले. "त्यांत खुणेचे किती आणि बिनखुणेचे किती येतात, यावरून डोहात एकंदर अहीर किती ते गणिताने निघतं. आपल्या नद्यांत हे कोणी केलेलं नाही. निबंध उतरला तर प्राध्यापक मला समुद्रकाठच्या संशोधनाला धाडणार आहेत. फक्त महिनाभर या पाण्याला कोणाचा हात लागता कामा नये."

"डोह म्या राखीन," मी म्हणालो. हा माझा शब्द.

परंतु एक बिनखुणेचा अहीर त्यांस बरणीत न्यावयास हवा होता. अहीर सहज मरत नाही. डोक्यात सुरी खुपसली तरी तो मनगटास विळखा घालतो, आणि बोटे निळी पडेपर्यंत सोडीत नाही. आम्ही दोघे रक्ताने व चिकट बुळबुळीने माखलेले कातळावर बसलो असता सोनबाची बायको ठकुबाई पलीकडच्या काठावर धुण्याची पाटी घेऊन उभी राहिली. तिने ती पाटी तेथेच टाकली व ती गावाकडे धावत सुटली.

आम्ही गावात पोहोचलो तेव्हा चावडीपुढे पन्नास माणसे जमली होती. पहिला दगड रघुवीररावांच्या कपाळावर बसला. चष्मा फुटून त्याची काच भुवईत घुसली. दुसऱ्या दगडाने त्यांच्या हातातील बरणी फुटली आणि तो मेलेला अहीर स्पिरिटासह धुळीत पडला. बरण्यांची खोकी कोणी तरी पायाखाली तुडविली. ठकुबाईचा भाऊ गेनबा, जो तालमीतला गडी असून मानेने बैलासारखा होता, त्याने रघुवीररावांस सदऱ्यास धरून उचलले व चावडीच्या खांबावर दोनदा आपटले.

"आसरांचं लेकरू मारलंस," तो म्हणाला. "आता गावात कुनाचं लेकरू जानार, सांग."

मी मध्ये पडलो. माझ्या बरगडीत कोणाची लाथ बसली. मी खांबास धरून उभा राहिलो, आणि त्या क्षणी मला जे सुचले तेच पुढील सर्व अनर्थाचे मूळ होय. मी धुळीतील तो अहीर उचलला आणि म्हणालो, "रघुवीररावांस्नी सोडा. पाप असंल तर माज्या डोक्यावर घ्या. ह्यो अहीर म्या धरला, म्याच मारला आन तुमच्या म्होरं म्याच खातो. आज आवस हाय. फुडल्या आवसंपातुर मला काय झालं तर ह्येंची वही जाळा. न्हाई झालं तर डोहात फकस्त मासं हायेत असं समजा."

आमच्याकडे असा कौल मानतात. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत देवाने शिक्षा दिली नाही, तर देवाचा राग नाही असे ठरते. पाटलांनी मान हलविली. मी अहीर धुतला, चावडीपुढेच तीन दगडांवर भाजला, आणि पन्नास माणसांसमक्ष खाल्ला. स्पिरिटाचा वास शेवटच्या घासापर्यंत गेला नाही.

तो महिना मी कसा काढला, हे माझे मीच जाणतो. साधी ठेच लागली तरी लोक एकमेकांकडे पाहत. ठकुबाई रोज सकाळी आमच्या दारावरून जाई आणि विचारी, "भावजी, बरं हाय नव्हं?" तिच्या आवाजात काळजी होती की वाट पाहणे होते, ते मला उमगले नाही. रघुवीररावांच्या कपाळास चार टाके पडले होते. तरीही ते गाव सोडून गेले नाहीत. ते रोज माझ्याबरोबर डोहावर येत. तेथे बसल्याबसल्या मी त्यांस धरणाच्या गोष्टी सांगत असे. रुसलेल्या सुरुंगाचा नियमही सांगितला होता. डोहातील पाणी निवळ झाले की एखादा अहीर कपारीतून तोंड काढी आणि पाठीवरची तार उन्हात चमके. मी आनंदाने आकडा सांगत असे आणि ते वहीत लिहून घेत.

वैशाखी अमावास्या आली आणि गेली. मला साधे पडसेही झाले नाही. मी गर्वाने फुगलो. मी चावडीवर बसून लोकांस समुद्राची हकीकत सांगितली, आसरा नाहीत असे सांगितले, आणि पूर्वी ज्यांनी दगड उचलले होते त्यांनी ती निमूटपणे ऐकली. सोनबा सर्वांत पुढे बसला होता. तो नुसता हसत होता.

फुटलेल्या बरण्यांऐवजी दुसऱ्या आणावयास रघुवीरराव दुसऱ्याच दिवशी पहाटे भोरास गेले. परवा सापळे लावावयाचे ठरले होते. मी भाकरी बांधून डोहावर जाऊन बसलो.

दुपारचे ऊन माथ्यावर आले असता सोनबा व गेनबा करवंदीच्या जाळीतून खाली उतरले. गेनबाच्या डोक्यावर दोन पाट्या होत्या. सोनबाच्या हातात धोतराच्या चिंधीत गुंडाळलेले काही होते. ते काय आहे, हे मला उघडून पाहावे लागले नाही.

"दादा, ह्या डोहात न्हाई," मी उठून म्हणालो.

"का न्हाई? उद्या माजी इर्जिक हाय. बारा औतं नांगरटीला येनार. पंचवीस गड्यांस्नी काय नुस्त्या भाकरी वाढू?" सोनबा कातळावर बसून दगडास कांडी बांधू लागला. "बाकीच्या डोहांत बोटाएवढं मासं ऱ्हायलेत."

"रघुवीररावांचं काम हाय. परवापातुर थांब."

"तुजं रावसाब अहिरांस्नी बाळ्या घालत्यात. आमी काय त्येंच्या बारशाला थांबायचं?" गेनबा मोठ्याने हसला.

"आसरांचा डोह हाय, दादा," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, ते मला कळले नाही.

सोनबाने मान वर केली. "ज्ञान्या, त्यो अहीर खाल्ला कुनी? तू. आवस उलटून जित्ता कोन? तू. आसरा न्हाईत म्हनून काल चावडीवर कोन बोललं? दहा वरसं मी हितनं वहाना हातात घेऊन गेलो. तू मला शानं केलंस. आता आडवा येऊ नगंस."

मी आडवा गेलो. मी त्याच्या हातातील कांडी हिसकावण्यास झेप घेतली, तेव्हा त्याने हातातील दगड माझ्या कानशिलावर मारला. मी त्याच्या मनगटास दात लावले. रक्ताची चव तोंडात येईपर्यंत मी सोडले नाही. मग गेनबाने मला मागून कवेत घेतले, उचलून कातळावर आपटले, आणि माझ्या पाठीवर गुडघा रोवला. माझा उजवा हात त्याने एवढा पिरगाळला की खांद्यातून काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. माझे तोंड तापलेल्या दगडावर होते. एक डोळा तेवढा डोहाकडे उघडा होता.

सोनबाने दोन कांड्यांच्या वाती पेटविल्या. पहिली त्याने डोहाच्या मध्यावर फेकली. दुसरी फेकताना मी चावलेला हात कचरला असावा; ती काठाजवळच्या कातळाच्या फटीत, पाण्याच्या काठालगत अडकली.

पहिल्या सुरुंगाने डोह खालून उचलला. पांढऱ्या पाण्याचा खांब झाडाएवढा उठला व खाली कोसळला. माझ्या छातीखालचा कातळ हादरला. नंतर पाण्यावर पांढरी पोटे येऊ लागली. आधी दहा, मग शंभर, मग मोजता न येण्याइतकी. काहींचे कल्ले अद्याप उघडमिट करीत होते. मध्येच एक अहीर वर आला, सापासारखा दोनदा आपल्याच अंगाभोवती वळला, त्याच्या पाठीवरील तार एकदा चमकली, आणि तो दगडासारखा तळाशी गेला.

दुसऱ्या सुरुंगाचा आवाज झाला नाही.

"फुसकी निगाली," सोनबा म्हणाला. "कांडी वाया जायाची न्हाई. काढून घेतो. गेनबा, तू पान्यात शिर, मासं धारंला लागल्यात."

गेनबाने माझ्या पाठीवरचा गुडघा काढला, सदरा उतरविला व पाण्यात उडी टाकली. तो पोहत मध्यावर गेला आणि मासे पाटीत ओढू लागला. सोनबा कातळावरून त्या फटीकडे उतरू लागला.

फटीतून एक धाग्याएवढा धूर निघत होता. तो मला दिसत होता. सोनबाला दिसत नव्हता, कारण पाण्यावरून उलटलेले ऊन त्याच्या डोळ्यांवर होते.

माझे तोंड मोकळे होते. माझी छाती मोकळी होती. मी ओरडू शकत होतो. मी डोहाकडे पाहत होतो, पांढऱ्या पोटांकडे पाहत होतो, आणि माझ्या मनात त्या वेळी जे होते ते लिहावयास मला शब्द शोधावा लागत नाही. ती इच्छा होती. सोनबाने हात पुढे करावा, अशी माझी इच्छा होती.

मग मी ओरडलो, "दादा, मागं सर. रुसलाय त्यो."

सोनबा माझ्याकडे वळला. त्याच क्षणी सुरुंग फुटला. त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. दगडाच्या कपच्या एका बाजूने चेहऱ्यात शिरल्या आणि उजवा डोळा गालावर आला. तो पडला नाही. तो उभाच राहून ज्या ठिकाणी हात होता त्या ठिकाणी पाहत होता, आणि रक्त धारेने कातळावरून डोहात जात होते. मी एका हाताने माझे पागोटे सोडले, दातांनी ओढून त्याच्या दंडास आवळले, आणि तेव्हा कोठे त्याने किंकाळी फोडली.

गेनबा पाण्यावर पालथा तरंगत होता. त्यास काठावर ओढून उताणा केला, तेव्हा नाका-कानांतून रक्ताच्या बारीक रेघा आलेल्या दिसल्या. बाकी अंगावर ओरखडाही नव्हता. त्याच्या मुठीत एक जिवंत मासा होता, तो अजून तडफडत होता.

तिसऱ्या दिवशी पंचनामा उरकून फौजदार गेल्यावर रघुवीरराव डोहावर आले. त्यांनी मला पाण्यात उतरविले, कारण मेलेले अहीर तळाशी असतात. माझा एक हात गळ्यात अडकविलेला होता. दुसऱ्या हाताने मी कपारी चाचपून एकेक वर आणला. खुणेचे नऊ निघाले. दोन मिळाले नाहीत. मेलेल्या डोहाचे गणित होत नाही, असे म्हणून रघुवीररावांनी वहीतील ती सारी पाने आडव्या रेघेने खोडली. मग त्यांनी एक अहीर सुरीने चिरला. बाहेरून तो अभंग होता. आतील हवेचा फुगा फाटून चिंध्या झाला होता.

"पाण्यातून धक्का येतो तो असा," ते म्हणाले. "बाहेर काही दिसत नाही."

"गेनबावानी," मी म्हणालो.

त्यांनी सुरी पुसली. मग विचारले, "ज्ञानबा, तो दुसरा सुरुंग रुसलाय, हे तुम्हाला कळलं होतं?"

"व्हय."

"ओरडायच्या आधी किती वेळ?"

"मोजलं न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी वही मिटली. त्यानंतर ते आमच्या गावी आले नाहीत.

गावाने मात्र आपला निकाल केव्हाच लावला होता. ठकुबाई भावाच्या प्रेतावर पडून ओरडत होती, की आसरांनी महिनाभर वाट पाहिली आणि मग एक जीव, एक हात, एक डोळा मोजून घेतला. कोणासही त्यात शंका उरली नाही. पाटील मला म्हणाले, "ज्ञानू, तूच लोकांस्नी फिरवलंस. आता तूच डोहावर हुबा ऱ्हाऊन आण घे, की हितं आसरा हायेत." मी विचार केला. मी खरे बोललो, तर डोह पुन्हा उघडा पडेल; उरलेले दोन अहीरही जातील. डोह राखण्याचा शब्द मी दिला होता, आणि तो पाळण्याचा एवढाच मार्ग उरला होता. मी हळद-कुंकू वाहिले, खणानारळाने ओटी भरली, आणि साऱ्या गावासमक्ष आण घेतली. तेव्हापासून त्या पाण्यास कोणी हात लावीत नाही.

सोनबा वाचला. तो प्रत्येकास सांगतो, "ज्ञान्या आरडला म्हनून मी वळलो. न्हाईतर टकुरं गेलं असतं. त्येच्यामुळं मी जित्ता हाय." ठकुबाई दर दिवाळीस मला भाऊ मानून ओवाळते, कारण तिचा भाऊ राहिला नाही. मी पाटावर बसतो. मी तिच्या डोळ्यांकडे पाहत नाही.

गेल्या चैत्रात आम्ही दोघे भाऊ ओटी घेऊन डोहावर गेलो होतो. पाणी निवळ होते. सोनबाच्या एका डोळ्यासच ते प्रथम दिसले. कपारीतून एक जाडजूड अहीर बाहेर आला होता आणि त्याच्या पाठीवर हिरवी पडलेली तार होती.

"बघ ज्ञान्या," तो हळूच म्हणाला, "आसरांनी आपलं राखून ठिवलंय."

"व्हय, दादा," मी म्हणालो.

ही हकीकत रघुवीररावांस कळवावी म्हणून मी पत्र लिहावयास बसलो, आणि ते पत्र या लिखाणात संपले. खुणेचा एक अहीर जिवंत आहे, हे त्यांस कळावे. आणखी एक आकडा त्यांच्या वहीत चुकीचा राहू नये. मी मोजले नाही असे त्यांस सांगितले, ते खोटे होते. सुरुंगाच्या टोळीत राहिलेल्या माणसाची मोजण्याची सवय जात नाही. धूर दिसल्यापासून ओरडेपर्यंत मी एकोणीस आकडे मोजले होते.